गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ यांचें उत्तरायुष्य

अधिकारपदावर असलेल्या मनुष्याची थोरवी सर्वांस दिसते; परंतु पद सुटल्यावर तो दिवस कसे घालवितो, हें पाहण्यास फारच थोडे लोक थांबतात. मनुष्याची खरी पारख तर तेथेंच होते. न्यूयॉर्क संस्थानाचे चार वेळां गव्हर्नर निवडले गेलेले कॅथलिक मुत्सद्दी आल्फ्रेड स्मिथ यांच्या उत्तरायुष्याची हकीकत आम्ही याच हेतूनें येथें देत आहों.

स्मिथसाहेबांचा जन्म ३० डिसेंबर १८७३ रोजीं न्यूयॉर्क शहरांतील एका गरीब वस्तींत झाला. वडील गाडीवान होते. त्यांच्या अकालीं निधनामुळें सेंट जेम्स धर्मग्रामाची शाळा अर्धवट सोडून हा मुलगा कामास लागला. पुढें मासळीबाजारांत आठवड्यास १२ डॉलरांवर त्यानें नोकरी केली. १९०४ सालीं ते कायदेमंडळांत गेले. २५ मार्च १९११ रोजीं ट्रायअँगल कारखान्याच्या आगींत १४६ कामकरी मृत्यु पावले. तेव्हां नेमलेल्या चौकशीमंडळाचे उपाध्यक्ष या नात्यानें त्यांनीं मजुरांच्या सुरक्षिततेचे कायदे करून घेण्यांत पुढाकार घेतला.

१९२८ सालीं डेमोक्रॅटिक पक्षानें त्यांस राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभें केलें. एखाद्या मोठ्या पक्षानें कॅथलिक उमेदवार देण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. कॅथलिक अध्यक्ष झाला तर देशाचा कारभार रोमहून चालेल, असा अपप्रचार गांवोगांव झाला. देशांतील तेव्हांची सुबत्ता व दारूबंदीचा वाद हींहि पराभवाचीं कारणें होतींच. निर्वाचकांचीं ४४४ मतें हूव्हरसाहेबांस मिळालीं, स्मिथसाहेबांस अवघीं ८७. तें वर्ष संपतांच त्यांचें गव्हर्नरपदहि संपलें. वयाचीं ५५ वर्षें पुरीं झालीं होतीं, आणि पुढें काय करावें हा प्रश्न उभा होता.

त्यांचे मित्र व कॅथलिक उद्योगपति जॉन रॅस्कब यांनीं त्यांस एका नव्या कंपनीचें अध्यक्षपद दिलें. जुन्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलाच्या जागीं जगांतील सर्वांत उंच इमारत बांधण्याचा बेत स्मिथसाहेबांनीं ऑगस्ट १९२९ मध्यें जाहीर केला. दोनच महिन्यांनीं शेअरबाजार कोसळला. तरीहि काम थांबलें नाहीं. १७ मार्च १९३० रोजीं बांधकामास आरंभ झाला, आणि १ मे १९३१ रोजीं १०२ मजल्यांची, १,२५० फूट उंचीची एम्पायर स्टेट इमारत खुली झाली. स्मिथसाहेबांच्या नातवंडांनीं फीत कापली, आणि वॉशिंग्टनहून कळ दाबून दिवे लावण्याचा मान ज्यांनीं स्मिथसाहेबांचा पराभव केला होता त्या अध्यक्ष हूव्हरांसच मिळाला.

पण मंदीच्या त्या काळांत भाडेकरू मिळेनात. लोक त्या वास्तूस रिकामी इमारत म्हणून हिणवूं लागले. स्मिथसाहेब मात्र खचले नाहींत. थोर पाहुण्यांचें ते स्वतः स्वागत करीत, त्यांस वरच्या सज्जावर नेऊन शहर दाखवीत. आरंभींच्या काळांत या सज्जाच्या तिकिटांचें उत्पन्न कंपनीस मोठा आधार ठरलें. इमारत नफ्यांत आली ती मात्र त्यांच्या पश्चात्.

लोककार्यांतहि ते मागें राहिले नाहींत. मार्च १९३३ मध्यें जर्मनींतील ज्यूंच्या छळाविरुद्ध न्यूयॉर्कमध्यें भरलेल्या विराट सभेंत त्यांनीं भाषण केलें. ज्यांच्या धर्मावर स्वतः घाव पडले त्यांनीं दुसऱ्यांच्या धर्मासाठीं उभें राहावें, हें आम्हांस विशेष वाटतें. प्राण्यांचा त्यांस फार लळा. १९३४ सालीं सेंट्रल पार्कमधील नवें प्राणिसंग्रहालय उघडलें तेव्हां त्यांस तेथील मानद रात्र-अधीक्षक नेमून किल्ली देण्यांत आली. जवळच राहणारे स्मिथसाहेब रात्रीं तेथें जाऊन प्राण्यांची विचारपूस करीत. पुढें पोपमहाराजांनीं त्यांस पोपदरबारचे मानकरी नेमून गौरविलें.

एक गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. पूर्वीचे सहकारी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशीं त्यांचें बिनसलें. १९३६ सालीं त्यांनीं प्रतिपक्षाच्या उमेदवारास पाठिंबा दिला, आणि कित्येक जुन्या स्नेह्यांस तें लागलें. तथापि १९३९ सालीं युद्ध पेटल्यावर तटस्थतेचा कायदा बदलण्याच्या रूझवेल्टांच्या प्रयत्नास त्यांनीं जाहीर साथ दिली. देशहितापुढें त्यांनीं रुसवा धरला नाहीं.

मे १९४४ मध्यें पत्नी कॅथरीन निवर्तल्या. पांचच महिन्यांनीं, ४ ऑक्टोबर रोजीं, स्मिथसाहेबांनींहि देह ठेवला. सेंट पॅट्रिक महामंदिरांत त्यांच्या अंत्यदर्शनास हजारों लोक लोटले. त्यांच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कच्या कॅथलिकांनीं दानधर्मासाठीं वार्षिक भोजनसमारंभ सुरू केला. निवडणुकीच्या वर्षीं त्या समारंभास राष्ट्राध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार बहुधा येतात. १९६० सालीं जॉन केनेडी निवडून आले, आणि कॅथलिकांस बंद असलेलें तें दार उघडलें. स्मिथसाहेबांनीं पेरलें, पीक मात्र दुसऱ्यांनीं कापलें. पेरणाऱ्याचे श्रम त्यामुळें वायां गेले असें आम्ही मानीत नाहीं. प्रभु त्यांच्या आत्म्यास चिरशांति देवो.