समुद्र ओलांडणारी मुलगी : डॉ. आनंदीबाई जोशी

आपल्या प्रताप नगरातून समुद्र बघायला जायचं म्हटलं तर रात्रभर मुंबईच्या गाडीत बसावं लागतं. आता विचार करा, १८८३ साली १८ वर्षांची एक मराठी मुलगी, घरचं एकही माणूस सोबत नसताना, कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला निघाली!

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात कारकून, वयाने सुमारे २० वर्षांनी मोठे. बायकोने शिकावं हा त्यांचा ध्यास होता, पण त्यापायी ते तिला मारायचेसुद्धा. निबंधांत हे सहसा कोणी लिहीत नाही. तुम्ही मात्र लिहा.

चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. नीट औषधोपचार मिळाले नाहीत. आपणच डॉक्टर व्हायचं, हे तिच्या मनाने तिथे घेतलं.

गोपाळरावांनी मदतीसाठी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. धर्म बदलला तर मदत करू, असं उत्तर मिळालं. ते दोघांनाही मान्य नव्हतं. पण न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना ते पत्र वाचलं आणि आपलं घर देऊ केलं. इकडे समुद्र ओलांडायचा म्हणून लोक खवळले. आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून सगळ्यांना इंग्रजीत उत्तर दिलं : हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असा त्याचा आशय. दागिने विकून तिकिटाची सोय झाली.

७ एप्रिलला बोट सुटली. सोबत ओळखीची एक मिशनरी बाई, बस्स. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नेसायला लुगडं आणि जेवण शाकाहारी, तेही तिथल्या थंडीत! तब्येत ढासळत गेली, तरी ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा ठरली, पण क्षयाने गाठलंच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत. एकही दिवस दवाखाना चालवता आला नाही.

गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत.