खाशाबा जाधव आणि प्राचार्यांचं घर

स्मरणिकेसाठी काय लिहू असं विचारलं, तर संपादक मंडळाची एकच अट होती, कॉम्प्युटरवर नको. म्हणून कुस्तीवर लिहिते. आपल्या वर्गात कुस्ती खेळणारं कोणी नव्हतं, पळणारे मात्र पुष्कळ होते. खाशाबा जाधवांची गोष्ट त्या पळणाऱ्यांचीही आहे, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. लहानपणीच वडिलांच्या हाताखाली मातीत उतरले. शाळा कराडचं टिळक हायस्कूल, आणि पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगाने इतके किरकोळ, की कॉलेजच्या स्पर्धेत खेळाच्या शिक्षकांनी त्यांचं नावच घेतलं नाही. ते सरळ प्राचार्यांकडे गेले, परवानगी घेऊन आले आणि आपल्याहून थोराड गडी चीत केले. (पीटीच्या तासाला उंचीप्रमाणे रांगेत शेवटी उभी राहणारी मी, मला हा प्रसंग विशेष आवडतो.)

कोल्हापुरातच हे घडावं यात नवल नाही. शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला दरबारचा आधार दिला होता, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं होतं. पैलवानाला तालीम, खुराक आणि राहायला जागा मिळाली की तो निश्चिंत मनाने मेहनत करतो, हे त्या गावाला ठाऊक होतं. आज आपण ज्याला क्रीडा शिष्यवृत्ती म्हणतो, ती याहून वेगळी काय असते? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले तेही कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. लाल मातीत वाढलेला गडी तिथे मॅटवर आणि परक्या नियमांनी लढला, तरी फ्लायवेट गटात सहावा आला.

पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवली. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड होताना आपल्यावर अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, कुस्ती पुन्हा झाली आणि ती त्यांनी जिंकली. आता प्रश्न पैशांचा. मुंबई सरकारकडे मदत मागितली, तेव्हा खेळ संपल्यावर या, असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. हे उत्तर मला पुन्हा पुन्हा आठवतं. तिकीट जाण्यासाठी हवं होतं, आल्यानंतर त्याचं काय करायचं? गोळेश्वरकरांनी आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले. मुलगा पदक आणेल याची काही खात्री नव्हती. मागच्या वेळचा सहावा नंबर, एवढीच जमेची बाजू.

हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती लांबली आणि ते हरले. मग पुरेशी विश्रांती न मिळताच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं राहावं लागलं, आणि त्या वेळी त्यांची बाजू मांडायला भारताचा कोणी अधिकारी जवळ नव्हता, असं सांगितलं जातं. तरी ब्राँझ आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं, लिएंडर पेसचं. कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती सरली, आणि खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं.

इथे मला आपल्यातल्या एकीची आठवण येते. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. विसरवाडीच्या हायवेच्या कडेने अनवाणी धावणारी, नवापूरला तालुक्याच्या स्पर्धेत पहिली आलेली. तेव्हा आपण अजून धुळे जिल्ह्यातच होतो. शहरातली एक खासगी शाळा तिला घेऊन गेली. फी माफ, वसतिगृह मोफत, बूट दिले. दोन वर्षं त्यांच्या कपाटात ढाली आल्या. मग गुडघा दुखावला, आणि सत्र संपताच दाखला हातात देऊन तिला घरी पाठवलं. घरच्यांनी विचारलं तर सवलत कामगिरीवर होती, असं कळलं. अशा सवलती आजही बहुतेक ठिकाणी वर्षा-वर्षाच्या असतात. शाळांना मुलं हवी असतात, यात वाईट काही नाही. आपल्या पाड्यांवरच्या मुलामुलींना त्यातूनच मोठं मैदान दिसतं. पण सगळा धोका तेरा वर्षांच्या पोराने घ्यायचा आणि ढाल शाळेने ठेवायची, हा हिशोब मला पटत नाही. खर्डेकरांनी धोका स्वतःच्या घरावर घेतला होता.

खाशाबांचाही गुडघा दुखावला, पुढच्या ऑलिंपिकची आशा संपली. १९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले, असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी मात्र झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव २०१० मध्ये लागलं.

आपल्या बॅचच्या क्रीडा निधीच्या अर्जाचा नमुना मला तपासायला आला आहे. त्यात गेल्या वर्षीची पदकं विचारणारा रकाना आहे, आणि पदक नसेल तर पुढच्या वर्षी मदत बंद, अशी ओळ आहे. दोन्ही काढावेत, आणि दुखापत झाली तरी दहावीपर्यंत मदत चालू राहावी, असं मी समितीला सुचवते आहे. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक आहे. सर, बाई, तुम्हीही या.