फ्रॉइडपुढे उभी राहिलेली बाई

१९२२ चा सप्टेंबर महिना. बर्लिनमध्ये मनोविश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि अध्यक्षस्थानी साक्षात सिग्मंड फ्रॉइड. त्याच्यासमोर सदतीस वर्षांची, तीन मुलींची आई असलेली एक डॉक्टर निबंध वाचायला उभी राहिली. तिचे नाव कॅरेन हॉर्नाय.

फ्रॉइडचे म्हणणे थोडक्यात असे, की मुलग्याला जो अवयव आहे तो आपल्याला नाही हे लहान मुलीला एके दिवशी कळते आणि तेव्हापासून हेवा व कमीपणा तिच्या मनात घर करून बसतो. पुढे तिला मूल हवेसे वाटते, तेही या उणिवेची भरपाई म्हणून. म्हणजे बाई हा जणू अर्धवट राहून गेलेला पुरुषच! आज हसू येईल, पण त्या काळी हे शास्त्र होते आणि त्याच्या आधारे बायकांवर उपचार चालत.

कॅरेनचा जन्म १८८५ चा, हॅम्बुर्गजवळचा. वडील जहाजाचे कप्तान. घरी असले की बायबल आणि धाक. मुलीने फार शिकावे हे त्यांना मान्य नव्हते. आई मात्र पाठीशी उभी राहिली. १९०६ साली कॅरेन फ्रायबुर्गला वैद्यकीच्या वर्गात दाखल झाली. जर्मन विद्यापीठांची दारे मुलींना उघडून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. १९०९ मध्ये ऑस्कर हॉर्नायशी लग्न झाले. शिक्षण चालू असतानाच १९११ मध्ये आई गेली आणि त्याच वर्षी पहिली मुलगी झाली. पाळणा आणि पुस्तके एकाच खोलीत, असे ते दिवस.

बाळंतपण स्वतः अनुभवलेल्या या बाईला फ्रॉइडची मांडणी पटेना, यात नवल ते काय! बर्लिनच्या त्या निबंधात तिने मुलीच्या मनातला हेवा नाकारला नाही, पण स्त्रीला स्वतःच्या स्त्रीत्वात मूळचा काही आनंदच नाही, हे गृहीत धरण्याला तिने हरकत घेतली. १९२६ च्या निबंधात तर तिने सरळ नेम धरला. मनोविश्लेषण पुरुषाने उभारले, म्हणून त्यात दिसणारी मुलगी ही लहान मुलाने मनाशी केलेली मुलीची कल्पना आहे, असे तिने दाखवून दिले. शिवाय पोटात जीव वाढवण्याची, त्याला पाजण्याची शक्ती आपल्याला नाही, याचा हेवा पुरुषांच्या मनातही असतो आणि जगात नाव कमावण्याच्या त्यांच्या धडपडीला तोच बळ देत असावा, अशी शंका तिने घेतली. ही शंकाही सिद्ध करायला अवघडच. पण आरसा उलटा धरला तर काय दिसते, हे तरी तिने दाखवले.

फ्रॉइडने मत बदलले नाही. १९३१ च्या आपल्या निबंधात त्याने तिची दखल घेतली ती असहमती नोंदवायलाच.

ऑस्करपासून ती १९२६ मध्ये वेगळी झाली. १९३२ मध्ये शिकागोला गेली आणि दोन वर्षांनी न्यूयॉर्कला. तिथे तिने लिहिले, की स्त्रीला पुरुषासारखे व्हावेसे वाटते ते शरीरामुळे कमी आणि पुरुषांना समाजात मिळणाऱ्या सवलतींमुळे जास्त. तिची पुस्तके सामान्य वाचक आवडीने वाचू लागले. संस्थेतल्या कर्मठांना मात्र हा पाखंड वाटला. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषक संघाने मतदान घेऊन, नवे विश्लेषक घडवण्याचा तिचा अधिकार काढून घेतला. ती काही सहकाऱ्यांसह सभेतून उठून चालती झाली आणि त्याच वर्षी तिने वेगळी संस्था काढली. गंमत म्हणजे नंतर तिथेही फाटाफूट झाली. कॅरेनचा स्वभावही काही मऊ नव्हता.

उत्तरायुष्यात स्त्रीच्या मनाचा वेगळा विचार तिने जवळजवळ सोडूनच दिला, ही मला चुटपुट लागते. पॅरिसच्या ल्यूस इरिगारेने १९७४ मध्ये हाच वाद नव्या धारेने पुढे नेला आणि तिलाही शिकवण्याच्या नोकरीला मुकावे लागले.

१९५२ च्या डिसेंबरात कर्करोगाने कॅरेन गेली. तिचे बर्लिनच्या दिवसांतले निबंध इंग्रजीत एकत्र छापले गेले ते १९६७ मध्ये. पाठोपाठ अमेरिकेत स्त्रीमुक्तीची लाट आली आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या भांडणातली दुसरी बाजू नव्या मुलींच्या हाती पडली.