लांडगा गलबतात कोण घालील?

अमेरिकेतले मूळचे लोक तेथे आले कोठून, हा प्रश्न कोलंबसानंतर युरोपातील विद्वानांना फार छळीत असे. कोणी बुडालेल्या अटलांटिसचे नाव घेई, कोणी इस्राएलच्या हरवलेल्या कुळांचे. होसे दे आकोस्ता या पाद्र्याला दोन्ही पटली नाहीत.

स्पेनमधील मेदिना देल काम्पो येथे १५४० च्या सुमारास तो जन्मला आणि पोरवयातच जेझुइट संघात शिरला. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते आपले फादर स्टीफन्स याच संघाचे. ते १५७९ साली गोव्यास आले. आकोस्ता १५७२ सालीच पेरूत पोचला होता. वाटेत विषुववृत्तावर, ऐन मार्चात, त्याला थंडी वाजली. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते तो पट्टा होरपळून काढणारा! आकोस्ताला हसू आले. आम्ही गाणारे लोक लक्षणापेक्षा लक्ष्याला मान देतो, म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो.

पेरूत चौदा वर्षे हिंडून त्याने लिहिलेला ग्रंथ १५९० साली सेव्हिलला छापला गेला. त्यातली खरी मौज जनावरांच्या प्रश्नात आहे. नोहाच्या तारवातूनच सर्व प्राणी पुन्हा पृथ्वीवर पसरले, ही त्याची श्रद्धा. ती सोडणे त्याला शक्यच नव्हते. मग अमेरिकेत लांडगे, कोल्हे आले कसे? उपयोगी जनावर माणूस गलबतातून नेईल, पण लांडगा कोण नेईल? पोहून यावे तर समुद्र अफाट. होकायंत्राशिवाय तो ओलांडणे जुन्या माणसांनाही साधणारे नव्हते. तेव्हा जगाच्या न पाहिलेल्या टोकाला कोठेतरी दोन्ही खंड जुळलेले, निदान अगदी जवळ असले पाहिजेत, आणि माणसे व जनावरे त्याच वाटेने हळूहळू आली असली पाहिजेत, असे त्याने ठरविले.

बेरिंग त्या सामुद्रधुनीतून गेला तो पुढे १७२८ साली. तेथे आज सुमारे ८५ किलोमीटर रुंद, पण उथळ पाणी आहे. हिमयुगात इतके पाणी बर्फात अडकले की समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला आणि तेथे विस्तीर्ण भूमी उघडी पडली. मॅमथ आणि बायसन आशियातून तिकडे गेले. घोडा आणि उंट अमेरिकेत उपजून उलट इकडे आले. स्पॅनिश शिपायांनी गलबतातून नेलेला घोडा खरे तर माहेरीच चालला होता!

काळाचा अंदाज मात्र आकोस्ताचा फार तोकडा. बायबलच्या हिशेबात काही हजार वर्षांपलीकडे त्याची नजर जाणार कशी? न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील मानवी पाऊलखुणा २१ ते २३ हजार वर्षांच्या ठरल्या आहेत. बर्फाचा विचार तर त्याला शिवलाही नव्हता. १६०० साली सालामांका येथे तो वारला.