वाघिणीआधीचा थंडावा

नाशवंत मालाच्या वाहतुकीचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा गाडीपासून सुरू होते आणि बहुधा गाडीपाशीच थांबते. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे पहिली किसान रेल निघाली, तेव्हाही बोलबाला झाला तो डब्यांचा आणि भाड्याचा. डब्यात चढताना मालाच्या गाभ्याचे तापमान काय होते, हा प्रश्न मागेच राहिला. वस्तुतः तोच मुळाशी आहे. अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो ज्यांनी लावून धरला, त्यांत मेरी एंगल पेनिंग्टन या रसायनशास्त्रज्ञ विदुषीचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

पेनिंग्टन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८७२ रोजी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. बालपण फिलाडेल्फियात गेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी पदवीचा सारा अभ्यास १८९२ साली पुरा केला. परंतु विद्यार्थी स्त्री आहे या एका कारणासाठी विद्यापीठाने पदवी नाकारली आणि प्रावीण्याचा दाखला हाती ठेवला. तीनच वर्षांनी त्याच विद्यापीठाला त्यांना डॉक्टरेट द्यावी लागली, हा नियतीचा विनोदच म्हटला पाहिजे. पुढे फिलाडेल्फियाच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत असताना, शाळांभोवती आइस्क्रीम विकणाऱ्या फेरीवाल्यांना त्यांनी सूक्ष्मदर्शकातून त्यांच्याच भांड्यांतले जंतू दाखविले. खटला नाही, दंड नाही. फेरीवाले भांडी उकळू लागले.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली यांना त्या आपल्या खात्यात हव्या होत्या. म्हणून १९०७ साली नोकरीच्या परीक्षेसाठी नाव गेले ते केवळ एम. ई. पेनिंग्टन असे. हा उमेदवार पुरुष नाही, हे वरिष्ठांना कळेपर्यंत नेमणूक होऊन गेली होती. १९०८ साली त्या अन्नसंशोधन प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या.

तेथे त्यांनी जे काम केले ते वरकरणी क्षुल्लक वाटेल. कापलेली कोंबडी शेकडो मैल दूरच्या बाजारात सडकी का पोहोचते? व्यापारी रेल्वेला दोष देत, रेल्वे बर्फ पुरविणाऱ्यांना. पेनिंग्टन यांनी माल निघतो त्या ठिकाणापासून तपास केला. त्यांना आढळले की मालात साठलेली उष्णता तो भरण्यापूर्वीच काढून टाकली पाहिजे. वाघिणीतला बर्फ थंड मालाला थंड ठेवू शकतो. ऊन मालाचा ढीग वेळेत गार करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. कोंबडी पाण्यात बुचकळण्याऐवजी कोरड्या थंड हवेत गार करावी, पूर्ण गार झाल्यावरच पेटीत भरावी आणि पुढे कोठेही थंडावा तुटू देऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.

मग त्या वाघिणींकडे वळल्या. मालगाडीबरोबर प्रवास करून त्यांनी डब्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांतले तापमान मोजले. दोष बर्फाच्या कमतरतेपेक्षा हवेच्या कोंडीत अधिक होता. पेट्या थेट जमिनीवर रचल्या की थंड हवेला वाट उरत नसे. जमिनीवर फळ्यांची जाळी, बर्फासाठी तारेच्या टोपल्या, भिंतींना पुरेसा उष्णतारोधक थर असा प्रमाणित डबा पहिल्या महायुद्धाच्या काळात पुढे आला, त्यामागे त्यांची मोजमापे होती. थंड हवा खालून मालाकडे जाते, ऊन होऊन वर चढते आणि पुन्हा बर्फाकडे येते, एवढ्या साध्या चक्रावर तो डबा चालत असे.

फळांच्या बाबतीतही हेच घडले. १९०४ पासून कॅलिफोर्नियात जी. हॅरोल्ड पॉवेल यांनी दाखविले की संत्र्यांच्या सडीचे मूळ बव्हंशी बागेतच, तोडणीच्या कात्रीने सालीला होणाऱ्या जखमांत असते. तोडणीतील काळजीपाठोपाठ त्यांनीही माल आधी गार करण्याचे प्रयोग केले.

१९१९ साली पेनिंग्टन यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १९२२ पासून न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र सल्लागार म्हणून काम केले. १९४० साली त्यांना रसायनशास्त्रातील गार्व्हन पदक मिळाले. २७ डिसेंबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे ही शिस्त द्राक्षाने अंगी बाणवली, तीही परदेशी गिऱ्हाइकाच्या धाकाने. १९९१ साली महाग्रेप्स स्थापन झाल्यावर, तोडलेले द्राक्ष काही तासांतच पूर्वशीतकरणाच्या, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील प्रीकूलिंगच्या, खोलीत गेले पाहिजे हे निर्यातदार बागायतदारांना पटले. मात्र देशी बाजाराकडे निघालेला टोमॅटो आणि पालेभाजी या धाकापासून मुक्त आहेत. दुपारच्या उन्हात क्रेट भरले जातात, ताडपत्रीखाली माल स्वतःच्याच श्वसनाने आणखी तापतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ते श्वसन दुपटीने-तिपटीने वाढते. देशातील शीतगृहांचा मोठा भाग तर बटाट्याने अडविलेला. अशा स्थितीत नव्या शीतगाड्यांची मागणी करणाऱ्या लोकप्रतिनिधींनी प्रथम आपल्या तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात पूर्वशीतकरणाची एक खोली, तिला अखंड वीज आणि दारात एक तापमापक मागावा. गाड्यांचा हिशेब त्यानंतर करता येईल.