टोनी रायन : भाड्याच्या विमानांचा धनी

आपल्याकडे गावोगावी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने असत. सायकल घेण्याची ऐपत नसली तरी त्या दिवसाची गरज भागे. विमानांच्या बाबतीत हाच व्यवहार प्रचंड प्रमाणावर मांडून दाखवला तो आयर्लंडमधल्या एका इंजिनड्रायव्हरच्या मुलाने.

टोनी रायनचा जन्म 2 फेब्रुवारी 1936 चा, टिपेररी परगण्यातला. एअर लिंगस या सरकारी विमान कंपनीत तो लागला आणि पायरीपायरीने वर चढला. 1970 नंतरच्या मंदीत कंपनीचे एक जंबो विमान रिकामे पडले. ते बँकॉकच्या एअर सियामला भाड्याने देण्याची कामगिरी रायनवर आली. एकाकडे विमान पडून आहे, दुसरा विमानावाचून अडला आहे, आणि दोघांची गाठ घालणारा कोणी नाही, हे त्याने तिथे हेरले.

1975 साली एअर लिंगस आणि लंडनची गिनेस पीट ही वित्तसंस्था यांना बरोबर घेऊन त्याने शॅनन येथे गिनेस पीट एव्हिएशन काढली. भांडवल अवघे 50 हजार डॉलर आणि त्यात रायनचा वाटा 10 टक्के. आधी नुसती मध्यस्थी चाले. पुढे कंपनी कर्ज काढून स्वतःच विमाने घेऊ लागली. भाड्यातून व्याज फिटे, वर नफा उरे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान गॅरेट फिट्झगेराल्ड, ब्रिटनचे माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन अशी बडी मंडळी संचालक म्हणून येऊन बसली. 1989 मध्ये कंपनीने एका दमात 300 हून अधिक विमानांची मागणी नोंदवली. किंमत सुमारे 17 अब्ज डॉलर! प्रवासी वाढतच जाणार, हे त्यात गृहीत होते. माझ्या मते रायनची चूक इथेच झाली. भाडेकरू निघून गेला तरी कारखान्याकडून येणारे विमान थांबत नाही आणि त्याचे पैसे मोजावेच लागतात.

1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले. पुढच्या वर्षीच्या युद्धाने प्रवासी घटले, विमान कंपन्या बुडू लागल्या. जून 1992 मध्ये शेअर बाजारात विकायला काढले, तर मोठे गुंतवणूकदार फिरकले नाहीत आणि विक्री ऐनवेळी मागे घ्यावी लागली. कागदावर कोट्यधीश असलेला रायन एका दिवसात कर्जबाजारी झाला. शेअरसाठी मेरिल लिंचकडून घेतलेले 3.5 कोटी डॉलर त्याच्या डोक्यावर होते. कर्ज काढून शेअर घेतलेले कंपनीतले अधिकारीही होरपळले. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. 1993 मध्ये कारभार अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे गेला.

त्याला पुन्हा उभे केले ते रायनएअरने. 1985 मध्ये वॉटरफर्डहून लंडनला 15 आसनी विमान उडवून सुरू झालेली ही घरची कंपनी वर्षानुवर्षे तोट्यात होती. मायकेल ओलिअरी या आपल्या तरुण मदतनिसाकडे त्याने ती सोपवली. स्वस्त तिकिटांवर ती युरोपभर पसरली.

भाड्याच्या कंपनीचे जे उरले होते ते हात बदलत एअरकॅप नावाने वाढले आणि 2021 मध्ये त्याच एअरकॅपने जनरल इलेक्ट्रिकचा विमानभाड्याचा धंदा विकत घेतला. हे पाहायला रायन नव्हता. 3 ऑक्टोबर 2007 रोजी, वयाच्या 71 व्या वर्षी, तो वारला होता.