डार्विन आणि सिंधमधील दंतहीन कुटुंब

चार्ल्स डार्विन म्हटले की माणूस आणि माकड यांचाच वाद आपल्याला आठवतो. परंतु १८०९ मध्ये इंग्लंडात जन्मलेल्या, वैद्यकाचा अभ्यासक्रम सोडून १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजावरून जग पाहून आलेल्या या निसर्गशास्त्रज्ञाला आणखी एक प्रश्न दीर्घकाळ छळीत होता. आईबापांचे गुणदोष मुलांत उतरतात कसे?

प्रश्न घरचाही होता. १८३९ मध्ये त्याने मामेबहीण एमा हिच्याशी विवाह केला. दहा अपत्यांपैकी तीन बालपणीच दगावली. नात्यातील विवाह याला कारण असेल काय, ही शंका त्याच्या मनातून गेली नाही. १८७१ च्या जनगणनेत अशा विवाहांची नोंद व्हावी, ही त्याची इच्छा ब्रिटिश पार्लमेंटने मानली नाही.

पाळीव प्राणी व वनस्पतींवरील त्याच्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकीकत आहे. सिंध तेव्हा आपल्या रोह्याप्रमाणेच मुंबई इलाख्यात होता. या कुटुंबातील चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून चार दुबळे पुढचे दात व आठ दाढा एवढेच होते. अंगावर केस विरळ, टक्कल लवकर, उन्हाळ्यात कातडी कोरडी. मुलींत दोष दिसत नसे. पण त्यांच्या पुत्रांत तो उतरे. बापाकडून मुलग्याकडे मात्र तो कधीच गेला नाही.

कारण न उमगताच १८८२ मध्ये डार्विन निवर्तला. आनुवंशिकतेची त्याची उपपत्ती चुकीची ठरली; नोंद खरी ठरली. दोष ‘एक्स’ गुणसूत्रावरील जनुकात असतो. ते जनुक १९९६ मध्ये सापडले. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी यांची घडण गर्भाच्या बाह्य स्तरापासून सुरू होते, म्हणून तिन्ही एकदम अधुरी राहतात. या दोषाला नात्यातील विवाहही लागत नाही.

असे मूल जन्मले की आजही आईने ग्रहण पाळले नाही, असे बोलले जाते. जनुक आईकडून आले, तरी ते तिने निवडलेले नसते. तिच्या प्रत्येक मुलग्याच्या बाबतीत शक्यता निम्मी असते, इतकेच. अशा मुलाला पुरेसा घाम येत नाही. कोकणच्या उकाड्यात त्याचे अंग तापते. शिक्षकांनी त्याला सावलीत बसवावे, पाणी द्यावे; पालकांनी दंतवैद्याकडून लहानपणीच कवळी बसवून घ्यावी. एका कुटुंबाकडे डार्विनने दूषण न देता पाहिले. तेवढे आपल्यालाही जमावयास हवे.